निचरा सरांच्या नळ्या

निचरा सर कुठेही उभे राहिले की आधी खाली बघायचे. कुणाची वास्तुशांत असो, कॉलेजचं पटांगण असो की कुणाचं उसाचं रान. यजमान छत दाखवत असायचा, पीक दाखवत असायचा, आणि सर पायाखालची जमीन न्याहाळत असायचे. मग विचारायचे, "पाणी कुठनं येतंय ते कुणीबी सांगंल. जातंय कुठं, ते सांगा." एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला ते पंगतीतून उठले, न्हाणीघरात तांब्याभर पाणी ओतलं, ते जागचं हलत नाही हे पाहिलं आणि परत पानावर येऊन घरमालकाला म्हणाले, "घर झकास हाय. मोरी तेवढी फोडा." सहकारी सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. सातव्या महिन्यात त्याने मोरी फोडली. निचरा सर हे नाव तिथून पडलं. सगळे ते त्यांच्या माघारी वापरायचे, आणि सरांना ते ठाऊक होतं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. काचसामान, तापमानाच्या नोंदी, यंत्रांवरचे आकडे हे माझं काम. सर आमच्याकडे तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन आले. मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या गावचे. घरात मेंढ्या. उन्हाळ्यात गावाला टँकर. अशा गावचा माणूस निचऱ्याच्या मागे का लागला, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, आईच्या आजारपणाचं वगैरे काही सांगतील. ते म्हणाले, "विषय मिळाला म्हणून घेतला, भाऊसाहेब. दुसरा मिळाला असता तर तो घेतला असता. आता गुंतलोय." मला ते उत्तर आवडलं. त्यांच्या बोलण्यात वर लावलेला रंग नसायचा.

विषय होता लसिकावाहिन्यांचा. डॉक्टर ज्याला लिम्फ म्हणतात ते पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. सरांनी मला तो पहिल्याच आठवड्यात समजावला, आणि त्यासाठी फळ्याकडे गेले नाहीत. माझ्या मेव्हण्याचं कृष्णाकाठी रान आहे. पाणी पाजून पाजून ते क्षारपड झालं, मग जमिनीखाली भोकाचे पाइप पुरून त्याने निचरा काढला. सर म्हणाले, "रक्ताच्या नळ्या म्हणजे पाट. पाटातनं थोडं पाणी मातीत मुरणारच. ते परत गोळा करून मोठ्या ओढ्याला नेऊन घालणारे तुमच्या मेव्हण्याचे पाइप म्हणजे लसिकावाहिन्या. फरक एवढाच, ह्या जित्या हायत. आपल्या आपण आवळतात, पाणी पुढं ढकलतात. आन् आत झडपा असतात. आत गेलेलं मेंढरू परत भायेर येऊ नये, एवढंच झडपेचं काम." जिवंत माणसाच्या अंगात ही नळी उघडून बघता येत नाही. उंदराची बघता येते, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून ती बाहेर, डबीत बनवायची आणि तिच्यात झडप कशी उगवते, कशाने बिघडते ते पाहायचं. हा प्रकल्प.

बनवायची म्हणजे अशी. आगपेटीएवढी रबरी डबी. तिच्यात एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बारीक तार ताणायची. वर कोलॅजेन या प्रथिनाचं थंड द्रावण ओतायचं. उबवणी कपाटात, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, सदतीस अंशाला ते गोठतं आणि खरवसासारखं होतं. मग तार अलगद ओढून काढायची. मागे बोगदा राहतो. त्यात लसिकावाहिनीच्या अस्तराच्या पेशी सोडायच्या. त्या बर्फात घालून पुण्याहून यायच्या. पेशी खालच्या अंगाला बसतात, म्हणून डबी ठरावीक वेळाने उलटायची. सर म्हणायचे, "भाकरी हाय समजा. एकाच बाजूनं भाजली तर कोण खाईल?" चार-पाच दिवसांत बोगद्याला आतून अस्तर धरतं. धरलं तर.

तारेचा घोळ वर्षभर चालला. बाहेरून मागवलेल्या सुया जाड तरी होत्या नाहीतर खरखरीत. तार ओढताना खरवस फाटायचा. शेवटी सर मला घेऊन मिरजेला गेले, सतारी बनवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे. त्याने विचारलं, "सतार कुठल्या घराण्याची वाजवता?"

"सतार न्हाई," सर म्हणाले. "नुसती तार पायजे. तीन दशांश मिलिमीटर, एकदम गुळगुळीत."

"सतारीबिगर तार? मग बोलणार कशी?"

"बोलायला नकोच हाय. गप्प निघून जायला पायजे."

म्हातारा हसला आणि आठ तारा काढून दिल्या. मी खिशातून मायक्रोमीटर काढला तसा त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आम्ही कानानं मोजतो." मी तरी मोजल्या. सात बरोबर निघाल्या. आठवी त्याने स्वतःच परत घेतली, कानाशी धरून छेडली आणि म्हणाला, "हां, ही हलकट आहे." गंजू नये म्हणून तारांना तेलाचं बोट लावलेलं होतं, ते स्पिरिटने पुसायला मला दोन दिवस लागले. पण त्या दिवसापासून बोगदे फाटायचे थांबले.

गळायचे मात्र थांबले नाहीत. पुढच्या वर्षी एक्याऐंशी नळ्या केल्या, त्यातल्या सत्तर गळाल्या. प्रत्येक वेळी सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलायचे, चष्मा कपाळावर सारायचे, तळव्याने डोळे दाबायचे आणि म्हणायचे, "चला, पुन्हा." त्यात उमेद नसायची आणि रागही नसायचा. दुपारी मोटर बंद पडल्यावर माणूस विहिरीकडे निघतो, तसं ते "चला, पुन्हा" असायचं. ते ऐकून ऐकून मलाही थकून पुन्हा उठायची सवय झाली. वाईट सवय नव्हे ती.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सर येण्याच्या आदल्या वर्षी माझ्या बायकोचं, मंगलचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन मिरजेला झालं. आजार आटोक्यात आला. पण त्यात उजव्या काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या, आणि काही महिन्यांनी तो हात सुजायला लागला. जातच नाही ती सूज. रोज संध्याकाळी सातला आम्ही माधवनगरच्या घरी बसतो. मी टेपने हात चार ठिकाणी मोजतो, वहीत लिहितो, मग बोटांपासून दंडापर्यंत पट्ट्या बांधतो. चाळीस मिनिटं जातात. त्या वेळात आम्ही फारसं बोलत नाही. ती एकच विचारायची, "तुमच्या त्या नळीचं काय झालं?"

सरांना मी हे तिसऱ्या महिन्यात सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या डबीचं आन् वहिनींच्या हाताचं नातं आज शून्य हाय. उद्या झडप झाली तरी त्यातनं औषध व्हायला किती वरसं, ते मला म्हाईत न्हाई. आपण दोघं म्हातारं होऊ. वहिनींना तसंच सांगा." मी मंगलला तसं सांगितलं नाही. "चाललंय," एवढंच सांगितलं. सरांनी पुढे कधी धीराचा शब्द काढला नाही, पण दर सोमवारी आल्या आल्या विचारायचे, "आकडे?" मी चार आकडे सांगायचो. ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे.

एका सोमवारी चारही आकडे खाली आलेले होते, प्रत्येकी तीन मिलिमीटर. मी खुशीत सांगितले. संध्याकाळी सर न बोलावता माझ्याबरोबर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मोजा की. मी बघतो." मी मोजायला लागलो.

"हाताला लाच देताय व्हय?"

"म्हणजे?"

"टेप आवळताय तुमी. आवळल्यावर हात बारीक होत न्हाई, आकडा बारीक होतो."

मंगल माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पंधरा दिवस कळत होतं, दुखत होतं, आणि ती बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा घरी येऊन तराजूतलं वीस ग्रॅमचं वजन दोरीने टेपच्या टोकाला बांधून दिलं. ते लोंबतं ठेवून मोजायचं, म्हणजे ओढ रोज सारखी. त्या दिवशी आकडे होते तिथे परत गेले. "वहिनी," सर जाताना म्हणाले, "माणूस वाईट न्हाई. फकस्त आशेनं हात जड झालाय त्याचा." मंगल म्हणाली, "हात माझा जड झालाय, सर." दोघंही हसले. मला हसता आलं नाही.

तिसऱ्या वर्षी कुठे मार्ग सापडला. नळीतून पाणी एकसारखं एकाच दिशेने सोडलं तर पेशी लांबट होऊन गुमान पडून राहतात. थोडं पुढे, थोडं मागे असं हेलकावत सोडलं, तर काही ठिकाणी त्या आतल्या बाजूला उठायला लागतात. सरांनी पंप तसा चालवला. सहा नळ्या जगल्या. चार नंबरच्या नळीत दहाव्या दिवशी एक घडी दिसायला लागली, कापडाला चुणी पडावी तशी. पंधराव्या दिवशी ती समोरच्या भिंतीपर्यंत पोचत आली. सरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. पाणी पुढे जाताना चुणी लवत होती, मागे येताना उभी राहत होती. पुरती मिटत नव्हती, गळत होती. पण मिटायला बघत होती.

"झडप?" मी विचारलं.

"चुणी म्हणा अजून," सर म्हणाले. पण ते कितीतरी वेळ उठले नाहीत. दिवाळीनंतर प्रकल्पाची समिती येणार होती. चुणी पुरती मिटली तर मुदतवाढ मिळणार होती, नाहीतर नाही. हे मला माहीत होतं. संध्याकाळी मंगलने विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की चुणी मिटायला बघतेय. ती पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन म्हणाली, "मिटू दे ग बाई."

सतरावा दिवस खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. कर्मशाळेत लेथला हार, प्रयोगशाळेत तराजूला हळदकुंकू. सरांनी सकाळीच बजावलं होतं, "उबवणी कपाटाला काय लावायचं ते दाराच्या भायेर. आत सदतीस अंश आन् दमट हवा. बुरशीचं माहेर हाय ते." मीच दाराच्या मुठीला हार बांधला. दुपारी सर प्राचार्यांकडे पेढे घ्यायला गेले, तेव्हा मी एकटा होतो. आदल्या संध्याकाळी मंगलचा दंड चार मिलिमीटरने वाढलेला होता, वीस ग्रॅमचं वजन लावून. मी देवभोळा नाही. घरातली पूजाही मंगलच करते. तरी मी हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं, कपाट उघडलं, चार नंबरच्या डबीशेजारी ठेवलं आणि हात जोडले. सर यायच्या आत काढलंही. नोंदवहीत कपाट उघडल्याची वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं. कारणाचा रकाना मोकळा ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीत मोकळा ठेवलेला तो पहिला रकाना.

तिसऱ्या दिवशी दोन नंबरच्या डबीत कापसाच्या तंतूसारखं काहीतरी पांढरं तरंगताना दिसलं. चौथ्या दिवशी सहाही डब्यांत. चार नंबरची चुणी त्या पांढऱ्या जाळ्यात विरून गेली. सरांनी कपाट धुवायला काढलं. पाण्याच्या ट्रेखाली एक केशरी पाकळी चिकटलेली निघाली. ती चिमट्यात धरून ते माझ्याकडे वळले.

"कुणाचं?"

"माझं."

"कशापायी?"

"हातासाठी. मंगलच्या."

ते स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा उन्हाळ्यातल्या माणदेशासारखा दिसत होता, एवढंच मला सांगता येतं. मी उभाच होतो. शेवटी मला राहवलं नाही. म्हणालो, "सर, लाईट गेली होती असं लिहू का? जाते की नेहमी."

"त्या दिवशी गेली न्हवती."

"कोण विचारतंय?"

"त्या दिवशी गेली न्हवती, भाऊसाहेब. वही घ्या. दोन दहाचा रकाना भरा. कारण, झेंडू. किती?"

"एक."

"एक लिहा."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, चष्मा कपाळावर सारला, आणि त्या दिवशी "चला, पुन्हा" म्हणाले नाहीत. ते दुसऱ्या दिवशी म्हणाले.

दिवाळीपर्यंत आम्ही आणखी बारा नळ्या केल्या. दोन जगल्या, चुणी एकीतही आली नाही. समितीचे तीन लोक आले. सरांनी त्यांच्यापुढे सगळ्या नोंदवह्या ठेवल्या. एकाचं बोट त्या ओळीवर थांबलं. "झेंडू?" असं विचारून तो हसला. दुसरा हसला नाही. सर म्हणाले, "आमच्या हातनं झालं." अक्षर माझं होतं, पण माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. महिन्याभराने एका ओळीचं पत्र आलं.

मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, माझ्या फुलाने तुमचा प्रकल्प गेला. सर कपाटाची वायर गुंडाळत होते. "तसं म्हणता यायचं न्हाई," ते म्हणाले. "सतराव्या दिवशीबी ती गळतच व्हती. फूल ठेवलं नसतं तर अठराव्या दिवशी मिटली असती का, हे आता ना तुमाला कळंल ना मला. न्हाई कळणार म्हणून गप्प बसायचं. मोठ्या मनानं नव्हं, भाऊसाहेब. आकडाच न्हाई आपल्याकडं." त्यांनी मला माफ केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हिशोबात न बसणारी गोष्ट हिशोबाबाहेर ठेवली, आणि ती माझ्याजवळ राहिली.

त्यांना दहिवडीच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायची जागा मिळाली. निघायच्या दिवशी मी सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीला त्यांना सोडायला गेलो. एक पेटी, एक पुस्तकांचं खोकं. म्हटलं, "सर, मंगलला तुम्हीच सांगा फोनवर. ती तुमचं ऐकते."

"न्हाई. माझ्या तोंडनं ऐकलं तर त्यांना वाटंल, समजूत घालतोय. तुमी सांगा. आन् फुलाचंबी सांगा."

"ते कशाला?"

"रकाना मोकळा ठिऊ नका."

गाडी हलली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. झोपले असावेत, तीन वर्षांची झोप होती.

त्या संध्याकाळी सातला मी मंगलला सगळं सांगितलं. नळी झाली नाही, होणार नाही, सर गेले, आणि मी फूल ठेवलं होतं. मला वाटलं, ती रडेल. तिने माझ्या हातातली पट्टी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तीस वर्षं देवापुढं उभं राहायचा कंटाळा केलात. आणि हात जोडले ते तिथं?"

"हो."

"सर ओरडले?"

"नाही."

"ओरडायला पाहिजे होतं. तुम्हाला बरं वाटलं असतं." थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे आता हेच? रोज?"

"हेच. रोज."

"मग साडेसहाला बांधत जा. आज होईल, उद्या होईल म्हणून मी सगळं थांबवून बसले. साडेसातला बायका देवळात भजनाला जमतात. तीन वर्षं मी गेले नाही."

पुढच्या सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "आकडे?"

मी चार आकडे सांगितले. मग सांगितलं की वेळ बदलली आहे, आता साडेसहा.

"का?"

"ती भजनाला जाते."

सर म्हणाले, "झाक झालं. पण येळ बदलली की सूज बदलती. जुन्या आकड्यांना जोडू नका. नवीन पान घ्या."

मी त्यांच्याशी बोलता बोलताच पान उलटलं आणि वर वेळ लिहिली.